पाचर

हुडकेश्वर, नागपूर
१४ जून २०२४

ती. इंदुताईला देवरावचा नमस्कार.

हे कोंबडीचे पाय नाहीत, माझं अक्षर आहे. डाव्या हाताचं.

इथे दवाखान्यात चिन्मयी मॅडम आहेत, त्या माझ्याकडून हाताचा व्यायाम करून घेतात. म्हणाल्या, रोज डाव्या हातानं थोडं थोडं लिहा. मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणाल्या, "कोणाले तरी पत्र लिहा न काका. तेवढाच तो माणूस खुश होईन." आजकाल पत्र लिहिणार कोणाला? मग तू आठवलीस. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि शाळा सुटली तरी लाल पेन तुझ्याकडून सुटलं नसणार. सक्करदऱ्याला मावशीच्या घरी माझा हात धरून तूच 'अ' गिरवून घेतला होतास. आता दुसऱ्या हाताकडून घे.

एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या प्रेसमध्ये माझा उजवा हात कटरखाली गेला. चारही बोटं गेली. अंगठा आहे. सुमती, तुझी भावजय, तुला लगेच कळवणार होती, मीच नको म्हटलं. जखम भरली आहे, घाबरू नको.

कसं झालं, ते विचारशीलच. आमचा कटर म्हणजे कागदाचे गठ्ठे कापायचं मशीन. त्याला समोर दोन बटणं आहेत, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, पात्याखाली एकही नाही. बनवणाऱ्यानं विचार करूनच बनवलं आहे. पण उजव्या बटणात पाचर होती. पदवीच्या प्रमाणपत्राचा जाड कागद असतो ना, त्याची कातरण घडी करून खोचलेली. ती असली की बटण दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. त्या मोकळ्या हातानं मी गठ्ठा धरला होता.

हात भरून आला. बाकी पुढच्या पत्रात.

तुझा देवराव

*

जबलपूर
२५ जून २०२४

चि. देवराव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. तुझ्या 'र'ची शेपटी दर वेळी खालच्या ओळीत जाऊन पडते. वेलांट्या मागे झोकांड्या खातात. 'इंदुताई'मधला 'इ' मला आधी सापच वाटला. दहापैकी चार गुण देते, आणि त्यातला एक कागद फाडला नाहीस म्हणून.

हे सगळं दुसऱ्या दिवशी केलं. पत्र आलं त्या दिवशी काही तपासलं नाही. दारात बसून रडले. शेजारची रितिका विचारत होती काय झालं, आणि मला बहिरीला तिचे नुसते ओठ हललेले दिसत होते. दर दिवाळीला तू मला प्रेसमधल्या उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या शिवून पाठवायचास. हे पत्र त्यातल्याच एका वहीच्या पानावर लिहिते आहे. कडेवरून बोट फिरवलं. किती सरळ कापायचास रे तू! दुकानातल्या वहीची कड अशी नसते. ज्या हातानं हे कापलं त्या हाताचा मला नेहमीच अभिमान वाटत आला, पण तुला कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच चढून बसला असतास.

इतके दिवस मला अंधारात ठेवलंस, त्याबद्दल समोर येशील तेव्हा कान धरीन.

आता मुद्द्याचं. "उजव्या बटणात पाचर होती," असं तू लिहिलं आहेस. मोठं चलाख वाक्य आहे. होती! आपोआप? झाडाला मोहोर येतो तशी? जन्मभर मी वर्गात एकच प्रश्न विचारत आले, कर्ता कोण? ज्या मुलानं खिडकीची काच फोडली तो नेहमी सांगायचा, "बाई, काच फुटली." तुझ्या वाक्याला कर्ता नाही. पाचर कोणी मारली, त्याचं नाव मला लिहून पाठव. एका माणसाच्या आळसापायी माझ्या भावाचा हात जातो आणि तो माणूस घरी दोन्ही हातांनी जेवतो, हे मला सहन होणार नाही.

आणखी एक. राखी उजव्या मनगटावर बांधतात. मनगट शाबूत आहे ना? तेवढं नीट लिही.

तुझी
इंदुताई

*

हुडकेश्वर, नागपूर
२० जुलै २०२४

ती. इंदुताई,

मनगट शाबूत आहे. राखी उजव्याच हातासाठी पाठव. आणि या खेपेला पाच गुण तरी दे. 'र'ची शेपटी आखडून धरताना माझी जीभ बाहेर येते, असं सुमती म्हणते. लहानपणीही यायची म्हणे, तूच चिडवायचीस.

कर्ता तू विचारलास. चौकशी समितीनंही तेच विचारलं. तिघं साहेब बसले होते. चांगली माणसं, पाणी विचारलं, खुर्ची दिली. मग म्हणाले, नाव सांगा. मी म्हटलं, "साहेब, पाचर सकाळी कोणी लावत नाही अन् संध्याकाळी कोणी काढत नाही. थे तिथंच राहते. खोलीत पंखा राहते तशी. पंखा कोणी लावला, हे कोणाले आठवते का?" त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना कागदावर लिहायला नाव हवं होतं.

मला गेटवर बसायचं हलकं काम देतो म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद घ्यायची. सुमतीला ते पसंत आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

मागच्या सोमवारी सगळ्यांना भेटायला प्रेसमध्ये गेलो. जरीपटक्यातून पेढे घेतले होते. सगळ्यांनी खाल्ले. कोणी हाताकडे बघायचं टाळत होतं, कोणी टक लावून बघत होतं. आता कटरवर सोनिका असते. आधी ती बाइंडिंगला होती, जरीपटक्याचीच पोरगी, कामाला चटपटीत, बोलायला त्याहून. तिला पेढा द्यायला मशीनपाशी गेलो आणि माझी नजर बटणाकडे गेली.

पाचर होती, ताई. पुन्हा.

 खाली फरशीवर बसलो. सोनिका धावत आली. "काका, काहून बसले? चक्कर आली का?"  उठलो, डाव्या हातानं पाचर उपसली आणि खिशात टाकली. तेवढ्यात हर्षित आला. तो आमचा सुपरवायझर, वयानं लहान आहे. बिचाऱ्यानं रिकाम्या बटणाकडे पाहिलं, मग म्हणाला, "काका, तुम्ही अशी पाचर मारून राहिले त काम कसं होईन?"

बघ आता. पाचर काढली मी, आणि पाचर मारणाराही मीच ठरलो. घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो.

पण रात्री हसू आलं नाही. सोनिकाची बोटं डोळ्यांसमोरून जात नाहीत. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. पोरगी चांगली आहे, कंत्राटावर आहे. या सगळ्यात तिचं नाव कुठे यायला नको, एवढंच मला वाटतं.

देवराव

*

जबलपूर
३ ऑगस्ट २०२४

चि. देवराव,

अक्षराला सहा गुण. सत्य सांगण्याला शून्य.

"तिचं नाव कुठे यायला नको." या वाक्याखाली मी आधी एक रेघ मारली, मग दुसरी. तुला लहानपणापासून काही लपवता येत नाही. मावशीच्या डब्यातला गूळ खाऊन तू आपणहून सांगायचास, "मांजरीला कोणी रागावू नका हं." तेव्हाच सगळ्यांना कळायचं.

कर्ता सापडला. मशीनवर ती, बटणात पाचर, आणि तू तिची बोटं आठवत बसला आहेस. स्वतःची आठव जरा! तू भला माणूस आहेस, देवराव, आणि भल्या माणसाच्या खांद्यावरून लोक बिनधास्त चालत जातात. तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मी बोलले. विद्यापीठाला रजिस्टर पत्र टाकलं. सोनिका नावाच्या मुलीची चौकशी करा, असं स्वच्छ लिहिलं आहे, माझ्या उत्तम अक्षरात.

तू रागावशील. रागाव. मोठी बहीण आहे, मला तेवढा अधिकार आहे.

सोबत राखी पाठवते आहे. सुमतीकडून बांधून घे.

इंदुताई

*

हुडकेश्वर, नागपूर
११ ऑगस्ट २०२४

ताई,

राखी मिळाली. कपाटात ठेवली आहे. पौर्णिमेला बांधायची की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

तू काय करून बसलीस, हे तुला माहीत नाही. माझा हात गेला तेव्हा सोनिका बाइंडिंगच्या टेबलावर होती. मशीनला तिनं तोवर बोटही लावलं नव्हतं. काही जण जागच्या जागी उभे राहिले, काही बाहेर पळाले. ती पोरगी आली, गळ्यातली ओढणी काढून माझा हात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. रिक्षात दाबून धरला, दवाखान्यात आत नेईपर्यंत सोडला नाही. सगळ्या रस्त्यानं ओरडत होती, "काका, डोळे मिटू नका, माझ्याशी बोला, काहीबी बोला." मी तिला तुझ्याबद्दल सांगत होतो म्हणे. मला काही आठवत नाही.

तिचं नाव यायला नको म्हटलं, ते एवढ्यासाठी की आता मशीनवर ती आहे, म्हणून पाचर दिसली की सगळे तिलाच धरतील. आणि पहिली तूच धरलीस. तिला नोटीस आली आहे. खुलासा द्या, नाही तर महिनाअखेर काम बंद. परवा माझ्या दारात आली. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, "काका, मी कोणाचं काय केलं?"

तू कर्ता कर्ता करतेस. समितीही करते. आता ऐक, पाचर का लागते ते सांगतो, कारण हे कोणीच विचारलं नाही.

कापताना गठ्ठ्यावर वरून एक लोखंडी पट्टी येते. तिला आम्ही दाब म्हणतो. कागद हलू नये म्हणून ती गठ्ठा दाबून धरते. आमचा दाब उजव्या बाजूनं झिजला आहे. तिकडची पानं सरकतात, कड तिरपी येते, सगळा गठ्ठा वाया. म्हणून तिथे हातानं धरावं लागतं. एक हात तिथे गेला की बटणासाठी हात उरत नाही. म्हणून पाचर. झालं, एवढंच आहे. प्रेसमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

मग दुरुस्त का केला नाही, म्हणशील. मारोतराव म्हणून आमचे जुने मेकॅनिक होते, ते म्हणायचे. पण परीक्षा तोंडावर असताना मशीन बंद ठेवा म्हणणारा माणूस कोणाला आवडतो? "मारोतराव पाचर मारून राहिले," म्हणून सगळे हसायचो. ते निवृत्त झाले आणि विषय संपला.

वीस तारखेला समितीपुढे पुन्हा जातो आहे. गेटवरचं काम नको म्हणून सांगणार आहे. दाब दुरुस्त होईपर्यंत मी त्या मशीनपाशी बसणार, पगारी बसवा की बिनपगारी. ती पोरगी एकटी त्या पात्यासमोर उभी राहणार नाही.

पत्रात चुका असतील तर असू दे.

देवराव

*

जबलपूर
१६ ऑगस्ट २०२४

प्रिय देवराव,

तुझ्या पत्रावर लाल पेन टेकवलं नाही.

मी मुलांना नेहमी सांगायचे, वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. मी तुझं अर्धं वाक्य वाचलं आणि त्या पोरीच्या गळ्याला हात घातला. जिनं तुझा हात धरून ठेवला तिच्या. मला जेवण गेलं नाही.

आज विद्यापीठाला दुसरं पत्र टाकलं आहे. माझा आरोप खोटा होता, मला काही माहीत नसताना केला, आणि तो मी मागे घेते, असं लिहिलं. दाबाचं तू लिहिलंस तेही सगळं उतरवून दिलं. सोनिकाला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते तुझ्या पाकिटात घातलं. तिनं ते फाडलं तरी चालेल. माफी मागितली आहे, पण ती तिनं द्यावीच असं नाही.

तू गेटवर जात नाहीस हे वाचून आधी काळजी वाटली. मग वाटलं, देवराव, मला वाटायचं तू गरीब स्वभावाचा आहेस, कोणी काही बोललं तरी ऐकून घेणारा. हे तर वेगळंच निघालं. तू बस त्या मशीनपाशी. मी तुझ्याबरोबर आहे.

राखीचं तू ठरव. मी काही म्हणणार नाही.

तुझी
ताई

*

जरीपटका, नागपूर
२२ सप्टेंबर २०२४

आदरणीय इंदुआत्यांना सोनिकाचा नमस्कार.

देवरावकाका तुम्हाला ताई म्हणतात, म्हणून मी आत्या म्हटलं. चालेल ना? तुमचं पत्र मी फाडलं नाही. माझ्या आईनेही वाचलं. ती म्हणाली, "एवढी मोठी बाई, अन् आपल्याले माफी मागून राहिली." पहिल्या दिवशी मला तुमचा खूप राग आला होता, ते खरं सांगते. आता नाही.

माझी नोटीस रद्द झाली. काका समितीपुढे काय बोलले ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी उपकुलसचिव अदिती मॅडम स्वतः प्रेसमध्ये आल्या. काकांनी पाचर काढून ठेवली आणि मला रद्दी कापायला सांगितली. मी दोन्ही बटणं दाबली. कागद सरकला, कड तिरपी आली. मॅडमनी तो गठ्ठा हातात घेऊन पाहिला. म्हणाल्या, "हे मले आजवर कोणी सांगतलं काहून नाही?"  मग त्याच म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्ही तरी कुठं विचारलं." आणि तिथेच उभं राहून त्यांनी फोन लावला.

पण दाबाचा सुटा भाग बाहेरून यायचा होता, त्याला वेळ लागणार होता. इकडे हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचं काम डोक्यावर. काका म्हणाले, गठ्ठा जाड असला की सरकतो, आपण पातळ पातळ गठ्ठे घेऊ. सरकत नाही, पण खूप वेळ लागतो. बाइंडिंगवाले ओरडायला लागले. काकांच्या मागे त्यांना पाचरमाऱ्या म्हणायचे, मग तोंडावरही म्हणायला लागले. काका स्टूल घेऊन मशीनपाशी बसून राहायचे. चिडायचे नाहीत. कोणी पाचरमाऱ्या म्हटलं की "ओ" द्यायचे.

आता जे लिहून राहिली ते काकांनी तुम्हाला कळवलं नसेल. ते स्वतःचं असं काही सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात हर्षितभाऊ आले. ते वाईट नाहीत, आत्या, पण सकाळपासून त्यांच्यावर वरून फोनावर फोन येत होते. हातात नवी पाचर होती, पदवीच्याच कागदाची. मला म्हणाले, "आजचा एक दिवस लाव. काकाले मी समजावतो." मी काकांकडे पाहिलं. काका स्टुलावरून उठले. म्हणाले, "आण गा इकडं." आणि हात पुढे केला.

उजवा हात. सवयीनं. तुमची राखी होती त्या मनगटावर, रंग उडाला होता तिचा. पौर्णिमेपासून काढलीच नाही त्यांनी.

हर्षितभाऊंनीही न बघता पाचर त्या हातावर ठेवली. ती घसरून खाली पडली. धरायला बोटं कुठे होती.

सगळी प्रेस पाहत होती. काकांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग हसले आणि म्हणाले, "आदत गेली नाही गा अजून."

हर्षितभाऊंचा चेहरा मला बघवला नाही. ते खाली वाकले, पाचर उचलली, तिचे तुकडे तुकडे केले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर ते तोंड धुऊन परत आले, बाह्या वर केल्या आणि स्वतः पातळ गठ्ठे करून माझ्यापुढे ठेवायला लागले. त्यांना पाहून बाइंडिंगवाले आले.  संध्याकाळपर्यंत काम झालं. फोन येत राहिले, ते त्यांनी घेतले नाहीत.

मी आजवर खूप माणसं पाहिली नाहीत, आत्या. पण काकांसारखा माणूस माझ्या समोर स्टुलावर बसून असतो, याचं मला रोज बरं वाटते. घरी भाकरी थापताना मी कधी कधी माझ्या बोटांकडे पाहते.

कधी नागपूरला आल्या तर आमच्या घरी जेवायला यायचं. आई वाट पाहते.

तुमची
सोनिका

*

हुडकेश्वर, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२४

ती. इंदुताई,

तुझं मागचं पत्र, सोनिकाच्या पत्रानंतरचं, मी सुमतीला वाचून दाखवलं नाही. भावाची एवढी स्तुती बरी नव्हे, ती मला रोजची भांडी घासायला सांगणं बंद करेल. सोनिकानं तुला काय काय लिहिलं ते मला आता कळलं. त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही.

चांगली बातमी आधी. दाब बसला. मेकॅनिक आले तेव्हा मी मारोतरावांनाही घरून बोलावून आणलं. त्यांनी नवी पट्टी हातानं चाचपून पाहिली आणि चहा मागितला. सोनिकानं जाड गठ्ठा ठेवला, दोन्ही बटणं दाबली, आणि ताई, तो आवाज! स्वच्छ, एकदम. कड अशी आली की तुझ्या वहीला लावावी. मला गेटवर पाठवलं नाही. प्रेसमध्येच ठेवलं, नव्या पोरांना मशीन शिकवायला. पहिला धडा तुला माहीतच आहे, दोन्ही हात बटणांवर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा असते आमच्याकडे. झेंडूचे हार, नारळ, सगळं झालं. कुंकू दर वर्षी मी लावतो. यंदा ताटासमोर उभा राहिलो आणि थांबलो. डाव्या हातानं कसं लावायचं? दुसऱ्या कोणाला सांगावं म्हणून मागे सरलो, तर सोनिका म्हणाली, "अंगठा आहे न काका." खरंच की! कुंकू ओढायला अंगठाच तर लागतो. उजव्या अंगठ्यानं आधी डाव्या बटणाला लावलं, मग उजव्या. 

तू विचारलं होतंस, पाचर कोणी मारली. ते मला अजूनही सांगता यायचं नाही. पण "पाचर काढली" या वाक्याचा कर्ता तुला देतो. आम्ही. यात अदिती मॅडम धर, सोनिका, मारोतराव, हर्षित, बाइंडिंगची सगळी माणसं धर, आणि तुझं दुसरं पत्रही धर, ते मॅडमच्या टेबलावर होतं. व्याकरणात चालत नसेल तर लाल रेघ मार.

काल संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येत होती. दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद, तरी लांबून फिरून फिरून आली. सगळे आपट्याचं पान माझ्या डाव्या हातात देत होते. मीही तोच पुढे करत होतो, उजवा धोतराच्या घोळात. शेवटी हर्षित आला, बायकोला घेऊन. पाया पडला. मी डावा हात पुढे केला तर म्हणाला, "तो नाही, काका." माझा उजवा हात त्यानं स्वतःच बाहेर काढला आणि पान तळहातावर ठेवलं. मला ती पाचर आठवली, त्यालाही आठवली असणार. पण त्यानं हात मागे घेतला नाही. आपल्या दोन्ही हातांनी पानासकट माझा हात झाकला आणि तसाच धरून उभा राहिला. चहा निवला तरी सोडला नाही.

ते पान या पत्रात ठेवलं आहे. पडलं नाही, ताई.

तुझा
देवराव